पॉवरच्या गोळ्यांचा हंगाम

हळवं भात पिवळं पडलं की मला राग येतो.

माणसांना या दिवसांत काय काय सुचतं. कोणी सापगावच्या पुलाजवळ गाडी उभी करून शेतांचे फोटो काढतं, कोणी स्टेटसवर 'सोनं पिकलं' असं लिहितं. मी शहापूरहून किन्हवलीच्या एसटीने रोज शाळेत जाते. सकाळच्या गाडीत खिडकी उघडी ठेवली की दोन्ही बाजूंच्या शेतांतून दवात भिजलेल्या पेंढ्याचा वास आत येतो. हा वास मला लहानपणापासून आवडतो, खोटं कशाला बोलू. पण अलीकडे त्याच्या मागोमाग दुसरा एक वास येतो. चिघळलेल्या जखमेचा आणि तिच्यावर ओतलेल्या औषधाचा. खिडकी लावून घेतली तरी तो जात नाही. शेजारच्या बाई विचारतात, "मॅडम, गाडी लागते काय?" मी हो म्हणून टाकते. रागावर उलटीची गोळी चालत नाही, हे त्यांना कुठे सांगत बसू.

माझं माहेर किन्हवलीहून मुरबाडकडे जाणाऱ्या वाटेवर आहे आणि शाळाही त्याच अंगाला. म्हणजे ज्या मुलांना मी मराठी शिकवते, त्यांतली बरीचशी माझ्या माहेरच्या शिवारातली. माहेरी माझे वडील आहेत. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो, म्हणून मीही आबाच म्हणते. धाकटा भाऊ मिलिंद आहे आणि सुजाता वहिनी आहे, जिच्या जिवावर ते घर चालतं. आबांनी रस्त्याच्या कामावर खडी टाकण्यापासून सुरुवात केली आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाचा, आणि त्याच भिंतीच्या खुंटीला गुळवेलीची जुडी टांगलेली. ती जुडी म्हणजे आबांचा दवाखाना.

आबांनी आयुष्यात गोळी घेतली नव्हती. ताप आला की गुळवेल उकळायची, खोकला झाला की अडुळसा, पोट बिघडलं की उपाशी राहायचं. आम्हाला त्यांनी दवाखान्यात नेलं, लशी टोचवल्या, त्यात कधी हयगय केली नाही. स्वतःची गोष्ट मात्र वेगळी. त्याचा त्यांना केवढा तोरा! कोणी गोळ्या खाताना दिसलं की म्हणायचे, "माझा अंग कोरा हाय. ज्या दिवशी खरीच गरज लागंल त्या दिवशी घेईन. कोऱ्या अंगाला एक गोळी बास हाय. तुमी खा रोज, तुमचा अंग निबर झाला."

हे अंग निबर होण्याचं शास्त्र आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. गोळी पहिल्यासारखी लागू पडत नाही, का? तर अंगाला सवय झाली. मग जास्त पॉवरची घ्यायची. तिचीही सवय झाली की आणखी पॉवरची. साध्या गोळ्या आणि पॉवरच्या गोळ्या, एवढे दोनच वर्ग. शहरातले लोक ज्याला अँटिबायोटिक म्हणतात, ती आमची पॉवरची गोळी. तिला दुसरं नाव नाही, कारण ते कोणी कधी सांगितलेलंच नाही. बाजारातला डॉक्टर बरणीतून सुट्या गोळ्या काढतो, एखादी कात्रीने अर्धी करतो, कागदाच्या पुड्या बांधतो आणि म्हणतो, सकाळ-संध्याकाळ. वाण्याकडून धने-जिरे आणावेत तशा आम्ही जीव वाचवणाऱ्या गोळ्या आणतो, आणि धने-जिऱ्यांना निदान नाव तरी असतं.

मला आठवतो तो हंगाम फार जुना नाही. पाऊस वेळेवर सरला होता. ऑक्टोबरचं ऊन असं तापलं होतं की दुपारी विळ्याची मूठसुद्धा हाताला चटका देई. दिवाळीची सुट्टी होती आणि मी कापणीला माहेरी गेले होते. आमच्याकडे कापणी सावडीने होते. आज सगळे आमच्या शेतात, उद्या सगळे पांडूदादाच्या, परवा तिसऱ्याच्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही. माझ्या शेतात तू दिवस घातलास, तुझ्या शेतात मी घालणार, एवढाच करार, तोही तोंडी. पांडूदादा म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेला शेतकरी, मिलिंदपेक्षा थोडा मोठा, बोलघेवडा. त्याच्या घरात देव वेगळे, आमच्या घरात वेगळे, पण सावडीत कोणी ते काढत नाही. मला या रिवाजाचं फार कौतुक आहे. वर्गात मी त्यावर निबंध लिहायला देते.

पण सावडीला आजारपण चालत नाही, हे निबंधात कोणी लिहीत नाही. तुमच्या शेतात चार घरची माणसं राबून गेली आणि त्यांच्या दिवशी तुम्ही गोधडीत पडून राहिलात, तर तोंड कुठे लपवणार? कापलेलं भात शेतात कडपे करून वाळत पसरलेलं, वर एखादा ढग दिसला तरी भारे बांधायची धावपळ. अशा वेळी रात्री चढलेला ताप सकाळपर्यंत उतरलाच पाहिजे. तो पॉवरच्या गोळीने उतरतो असं सगळ्यांना वाटतं. खरं तर पुष्कळदा तो आपल्या पायांनी आलेला असतो आणि आपल्या पायांनीच जाणार असतो. पण श्रेय गोळीला मिळतं.

दुपारी बांधावर आंब्याखाली आम्ही जेवायला बसलो होतो. तांदळाच्या भाकरी, सुकटीची चटणी, कच्चा कांदा. पांडूदादा गालाला हात लावून बसला होता.

"वयनी, दाढ ठणकतंय माझी. हाय का पॉवरची?"

वहिनीने पदराची गाठ सोडली. आत कागदाची पुडी, तीत लाल-पिवळ्या चार कॅप्सूल. तिला आठवड्यापूर्वी लघवीची जळजळ झाली होती, तेव्हाच्या. तिने त्यातल्या दोन पांडूदादाला दिल्या, एक खोकणाऱ्या बाईला दिली, एक परत बांधली.

मी म्हटलं, "अगं वहिनी, तुला दिल्या होत्या ना त्या? संपवायच्या होत्यास."

"गुण आला ना मला, ताई. गुण आल्यावर कशाला खायच्या? गरम पडतात त्या. ह्यांना तरी उपेगी पडतील."

सगळे हसले. पांडूदादा म्हणाला, "मास्तरीणबाई, पोरांना शिकवा तुमी. आमाला जेवू द्या." आणि त्याने त्यातली एक कॅप्सूल चटणीच्या घासाबरोबर गिळली.

त्या दुपारचा मला अजून संताप येतो आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही. वहिनीवर? जी स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून दुसऱ्याला देते, ती औषध का नाही देणार? तिला कोणी सांगितलं होतं की बाकी सगळं वाट, हे वाटू नको? गुण येणं हा आपल्या भाषेतला किती गोड शब्द. डॉक्टरच्या हाताला गुण आहे म्हणतात, औषधाने गुण आला म्हणतात. पण गुण आला म्हणजे दुखणं गेलं असं नाही, हे डॉक्टरने सांगायचं की नाही? या रोगाला ही गोळी लागते आणि त्या रोगाला अजिबात लागत नाही, दाढेला नाही, सर्दीला नाही, एवढं एक वाक्य बोलायला त्याची जीभ झिजणार होती? पुडी बांधायला लागतो तेवढाच वेळ लागला असता.

कापणी अर्ध्यावर आली असताना आबांच्या पायात धसकट घुसलं. कापलेल्या भाताचं खुंट सुरीसारखं तिरकं आणि टोकदार असतं. टाचेच्या वरच्या बाजूला ते खोल गेलं. आबांनी ते उपसून काढलं, चिखल पुसला, हळद-चुना भरला आणि पुन्हा विळा हातात घेतला. अशी धसकटं आमच्या प्रत्येकाच्या पायात जातात. लहानपणी आम्ही त्यांची खोल-उथळ अशी स्पर्धा लावायचो. त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही, मलाही नाही.

दोन-तीन दिवसांत पाय सुजला. मग लाल झाला. मग त्या लालीची एक रेघ पोटरीकडे चढू लागली आणि आबांना थंडी वाजून ताप आला. गुळवेल उकळून झाली. शेवटी मिलिंदने त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून बाजारात नेलं. डॉक्टरने सुई दिली आणि पुड्या दिल्या.

आबांनी पहिली गोळी घेतली तो प्रसंग आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. संध्याकाळची वेळ, ओट्यावर आबा, हातात पाण्याचा तांब्या. पांडूदादाही बघायला आला होता. आबांनी कॅप्सूल तळहातावर घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "चावायची का गिळायची?"

आम्ही इतके हसलो! वहिनीला तर हसता हसता ठसका लागला. आबाही हसले. गोळी गिळून, तोंड पुसून म्हणाले, "आता बघा. कोरा अंग हाय. सकाळी पाय उतरलेला आसंल."

सकाळी पाय आणखी सुजला होता. डॉक्टरने गोळी बदलली. ही आधीच्यापेक्षा पॉवरफुल, म्हणाला. तिनेही काही झालं नाही. मग तिसरी. तो डॉक्टर काही राक्षस नाही. कापणीच्या दिवसांत त्याच्या दारात माणसं पायरीपर्यंत बसलेली असतात, आणि प्रत्येकाला एकच हवं असतं, उद्या कामावर उभं राहायचं. मी नाही दिली तर पुढच्या डॉक्टरकडे जातील, असं तो मला नंतर म्हणाला. ते खरंही असेल. पण पुढचाही तेच म्हणतो, त्याच्या पुढचाही तेच. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि त्या बोटांच्या मधोमध माझ्या बापाचा पाय सडत होता.

घरात मात्र नवं शास्त्र निघालं. वहिनी म्हणाली, "आबा, तुमच्या अंगाला गोळीची वळखच नाय. म्हणून लागत नाय." म्हणजे खाल्ल्या तरी अंग निबर आणि न खाल्ल्या तरी अंग अनोळखी. मी चिडले. पण चिडून मी तरी काय वेगळं सांगणार होते? मलाही तेव्हा कळत नव्हतं की औषध का चालत नाही.

याच सुमारास सुट्टी संपून शाळा उघडली आणि वरून आदेश आला, जनजागृती फेरी काढा. विषय, प्रतिजैविकांचा सुयोग्य वापर. घोषणाही तयार करून पाठवल्या होत्या. आमच्या मुलांनी पुठ्ठ्यांवर त्या सुंदर अक्षरांत लिहिल्या, सकाळी अकराच्या उन्हात रांग निघाली आणि आम्ही माझ्या माहेरच्या गावात शिरलो.

"प्रतिजैविकांचा विवेकपूर्ण वापर, हाच निरोगी जीवनाचा आधार!"

गावात एक माणूस नव्हता. कसा असेल? गरव्या, उशिरा येणाऱ्या भाताची कापणी चालू होती. दारांना कड्या, अंगणात राखणीची कुत्री. त्या कुत्र्यांपुढे आम्ही प्रतिजैविकांचा जयजयकार करीत चाललो. पोरांचे गळे सुकले. मुख्याध्यापक फोटो काढत होते, कारण फोटो वर पाठवायचे होते. ज्या कोणी टेबलापाशी बसून या फेरीचा आठवडा ठरवला, त्याला एकदा कापणीला आणून उभा करावा असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. जनजागृती म्हणे. जन शेतात होते.

एकच माणूस घरी होता. आमचे आबा, ओट्यावर, पाय पाटावर ठेवून, वर माश्या वारायला कडुलिंबाची डहाळी. फेरी समोर आली तशी त्यांनी पुढच्या मुलीला थांबवलं. तनुजा तिचं नाव, माझ्याच वर्गातली.

"काय गो पोरी, काय लिवलंय त्यावर?"

तिने वाचून दाखवलं.

"प्रतिजैविक म्हंजे काय?"

तनुजा माझ्याकडे बघायला लागली. तिला ते शुद्ध लिहिता येत होतं, र-काराचा पाय कुठे द्यायचा ते मीच शिकवलं होतं. अर्थ तिला ठाऊक नव्हता.

मी म्हटलं, "आबा, तुम्हाला चालू आहेत ना, त्याच गोळ्या."

"पॉवरच्या?"

"हो."

"मग तसा लिवा ना," आबा म्हणाले. "त्या कामाच्या नायत, असा लिवलंय का?"

पोरं हसली. मी नाही हसले. त्यांचा पाय घोट्याच्या वर काळपट दिसत होता, आणि फेरीतले सगळे जण त्या पायासमोरून घोषणा देत पुढे गेले. मी मराठीची शिक्षिका आहे. 'प्रतिजैविक' या शब्दाशी माझं भांडण नाही. प्रश्नपत्रिकेत तो चांगला शोभतो. पण ज्या माणसाचा जीव वाचवायला तुम्ही निघालात, त्याच्या तोंडात जो शब्द आहे तो तुमच्या पुठ्ठ्यावर का नको? 'पॉवरची गोळी मागू नका' असं लिहिलं असतं तर शासनाची शान गेली असती काय?

त्या संध्याकाळी मी कोणाचं ऐकलं नाही. गाडी केली आणि आबांना ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर एक तरुण मुलगी होती, डोळ्यांखाली काळं झालेली. तिने जखमेतला पू तपासायला पाठवला आणि सांगितलं की जंतू वाढवून त्यांच्यावर एकेक औषध लावून बघतात, तेव्हा कळतं कोणतं चालेल. दोन-तीन दिवसांनी तिने मला आणि मिलिंदला बाहेर बोलावलं.

"यांच्या जंतूंवर बहुतेक औषधं चालत नाहीयेत," ती म्हणाली. "एक चालेलसं दिसतंय. सलाइनमधून द्यावं लागेल. किडनीवर जड जातं, पण द्यावं लागेल."

"अहो, पण त्यांनी जन्मात कधी गोळी घेतली नव्हती," मी जवळजवळ ओरडलेच. "त्यांच्या अंगाला सवय कशी होईल?"

"ताई, सवय माणसाच्या अंगाला होत नाही. जंतूला होते. गोळी उगाच घेतली किंवा कशीही घेतली, की लेचेपेचे जंतू मरतात, चिवट उरतात. मग तेच वाढतात. आणि ते एका माणसाच्या अंगात थोडेच बसून राहतात? हाताला, पाण्याला, मातीला, सगळीकडे जातात. यांच्या पायात कुठून आले ते कोणालाच सांगता येणार नाही."

 घराच्या मागच्या उतारावर मिलिंदची कोंबड्यांची शेड आहे. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधही कंपनीचंच, मेहनत याची. मुरबाड-शहापूरच्या रस्त्याने जाताना अशा लांबच लांब शेडी सगळ्यांनी पाहिल्या असतील. दवाखान्याच्या जिन्यात बसून त्याने मला हळूच विचारलं, "ताई, आमी पाण्यात टाकतो ते पण तेच औषध आसंल काय गो?"

"पिल्लं आजारी असतात?"

"नाय. आजारी पडू नयेत म्हणून टाकायचा. त्यांचा माणूस सांगतो तसा."

"नाव काय औषधाचं?"

"डब्यावर इंग्रजीत हाय. कोण वाचतंय?"

शेडीतलं कोंबडखत आम्ही भातात टाकतो. भात त्याच्यावर तरारून येतं. त्याच भाताचं धसकट आबांच्या पायात गेलं. मी असं म्हणत नाही की तिथूनच आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं, कोणालाच सांगता येणार नाही. पण हाच तर संतापाचा भाग आहे. चोर पकडायला गेलं तर सगळा गाव थोडा थोडा चोर निघतो, बाजार निघतो, कंपनी निघते, दाढदुखीवर कॅप्सूल गिळणारा पांडूदादा निघतो, आणि ज्याचं घर लुटलं गेलं तोच एकटा असतो, ज्याने कधी काही घेतलं नव्हतं.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. औषधाने जीव वाचवला, पण तोवर पायाचं मांस राहिलं नव्हतं. आबा शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. जंतूंची सवय, चालणारं एकच औषध, सगळं. आबांनी चादरीच्या सपाट जागेकडे पाहिलं. मग मला विचारलं, "म्हंजे मी न खाल्लेल्या गोळ्या गेल्या कुठं?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, आज येतं. आबांनी सगळी हयात जे राखून ठेवलं होतं, ते त्यांच्या नावावर कुठे जमा होतच नव्हतं. ते आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं. सर्दीला खाल्लं, कंबरदुखीला खाल्लं, कोंबड्यांना पाजलं, उद्याची भाताची झोडणी चुकू नये म्हणून खाल्लं. त्यांच्या वाट्याचं औषध संपवून आम्ही त्यांना रिकामी पुडी दिली आणि वर त्यांच्या गुळवेलीला हसत होतो.

यंदा पुन्हा भात पिवळं झालं. पुन्हा फेरीचा आदेश आला, त्याच आठवड्यात, त्याच घोषणांसह. मी मुख्याध्यापकांशी भांडले. घोषणा बदलता येणार नाहीत, ते म्हणाले, नमुना वरून आला आहे. मग मी पोरांना नमुन्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूला दुसरं लिहायला लावलं. 'सर्दीला पॉवरची गोळी मागू नका. उरलेली गोळी कोणाला देऊ नका. डॉक्टरांना गोळीचं नाव विचारा.' फोटोपुरती पुढची बाजू दाखवायची, पुढे गेलं की पुठ्ठा फिरवायचा. पोरांना यात भलतीच मजा आली. आणि यंदा आम्ही गल्ल्यांत गेलो नाही, बांधाबांधाने गेलो, दुपारी जेवणाच्या वेळी. लोकांनी भाकरी खाता खाता वाचलं. कोणी म्हणालं, "मग मागायची तरी काय?" कोणी नुसतं हसलं. एका बाईने पदराची गाठ हळूच मुठीत धरली, ते मी पाहिलं.

वहिनी आता गोळ्या वाटत नाही. मिलिंद कंपनीच्या माणसाला औषधाचं नाव विचारतो, तर तो म्हणतो, तुला कशाला पंचाईत? पुढच्या वेळी पिल्लं द्यायची की नाही ते त्यांच्या हातात आहे. मिलिंदला दोन मुलं आहेत. तो दोनदा विचारतो आणि तिसऱ्यांदा गप्प बसतो. या गप्प बसण्याचा मला राग येतो आणि त्याच्यावर रागावताही येत नाही.

गेल्या आठवड्यात आबांना ताप आला. नाक वाहत होतं, घसा धरला होता. सरकारी आरोग्य केंद्रात त्या दिवशी डॉक्टर नव्हते. कापलेल्या पायाच्या माणसाला ताप म्हणजे घरात सगळ्यांच्या काळजाचं पाणी होतं. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंना मी निघताना विचारलं होतं, पुन्हा असं काही झालं तर? त्या म्हणाल्या होत्या, "होऊ देऊ नका." एवढंच. म्हणून मी आबांना त्याच बाजारातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

पायरीपर्यंत माणसं होती. आमच्या मागे बाकावर पांडूदादा बसला होता, रुमालाने नाक पुसत. आबांचा नंबर आला. डॉक्टरने छाती तपासली, घसा पाहिला, जखमेची जागा दाबून पाहिली.

"काही नाही आबा, साधी सर्दी. हवा बदललीय," असं म्हणून त्याने कागद पसरले. पांढरी गोळी, पिवळी गोळी, आणि मग बरणीतून लाल-पिवळी कॅप्सूल.

"ही कसली?" आबांनी विचारलं.

"पॉवरची. तुमचं वय झालं, रिस्क कशाला?"

"सर्दीला लागते काय ती?"

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं.  "तशी लागत नाही," तो म्हणाला, "पण आधार म्हणून."

"मग काढा."

त्याने कॅप्सूल काढल्या आणि टेबलावर बाजूला ठेवल्या. बाकीच्या पुड्या बांधून दिल्या. मला बरं वाटलं. आबांनी कुबड्या काखेत घेतल्या, आम्ही दाराशी आलो, आणि मागे पांडूदादा स्टुलावर बसला.

"डॉक्टर, नाक गळतंय, अंग मोडून आलंय. उद्या झोडणी हाय माझी. पॉवरची टाका."

डॉक्टरने नवे कागद पसरले. टेबलावर ठेवलेल्या त्याच कॅप्सूल उचलल्या आणि पांडूदादाच्या पुडीत टाकल्या.

आबा थांबले. कुबडी वळवायला त्यांना वेळ लागतो. वळून म्हणाले, "पांडू, ती खाऊ नको रं."

"का वं आबा?"

"ती माझी हाय."

पांडूदादा मोठ्याने हसला. पुडी शर्टाच्या खिशात ठेवून, खिसा थोपटत म्हणाला, "आवो आबा, बरणी भरलीय डॉक्टरकडं. तुमाला लागंल तवा दुसरी देतील की."

"दुसरी नाय रं," आबा म्हणाले.